उष्णता, गुलकंद आणि साखर

अंगात उष्णता झाली की आमच्या कोल्हापूरकडे जे जे खायला सांगतात, ते बहुतेक सगळं गोड असतं. सकाळी अनशापोटी गुलकंद आणि वर गार दूध. दुपारी सब्जा घातलेलं सरबत. धने-जिरे रात्रभर भिजत घालून सकाळी त्याचं पाणी, आणि त्यात खडीसाखर हवीच. मोरावळा, कोकम, वाळ्याचं सरबत. तोंड आलं, डोळ्यांची आग व्हायला लागली, लघवीला जळजळलं तर हे करायचं. अंगावरून पांढरं जायला लागलं, खाली खाज सुटली तरी हेच करायचं, कारण तेही उष्णतेनंच होतं असं बायका धरून चालतात.

माझ्या सासूबाई अजूनही घरी गुलकंद घालतात. गावठी गुलाबाच्या पाकळ्या, पाकळ्यांच्या बरोबरीनं साखर, असे थर लावून बरणी गच्चीवर उन्हात. मी पहिल्यांदा अवघडत त्यांच्याजवळ खाजेचं बोलले, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "उष्णता झालीया अंगात. रोज सकाळी चमचाभर गुलकंद खा, दोन खाल्लास तरी चालंल," म्हणाल्या. ती माया मी विसरलेली नाही. त्याआधी या विषयावर घरात माझ्याशी कुणी, माझी सख्खी आईसुद्धा, कधी बोललेली नव्हती. पण माझ्या दुखण्याला नेमकी साखरच पोसत होती, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

हे दुखणं म्हणजे योनिमार्गातला बुरशीचा संसर्ग. डॉक्टर त्याला कॅन्डिडा म्हणतात, नव्या मुली यीस्ट इन्फेक्शन म्हणतात. चारांतल्या साधारण तीन बायकांना तो आयुष्यात एकदा तरी होतो. खाज, आग, सूज, फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव, लघवी करताना चरचर, नवऱ्याजवळ जायची धास्ती. एकदा होऊन गेला तर फारसं काही बिघडत नाही. पण वर्षात तीन-चार वेळा किंवा त्याहून जास्त व्हायला लागला, की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात आणि मग त्या बाईचं सगळं जगणं त्या खाजेभोवती फिरायला लागतं. मी बँकेत काउंटरवर बसायचे. समोर माणसांची रांग, हातात पासबुकं, आणि खुर्चीवर सरळ बसवत नाही. लग्नकार्याला गेलं की आधी संडास-बाथरूम कुठे आहे ते बघायचं. रात्री सगळे झोपले की गार पाण्यानं धुवून यायचं आणि पुन्हा पडायचं. आजारी म्हणून रजा मागावी तर कारण काय सांगणार?

मला सगळ्यात जास्त टोचायचं ते अस्वच्छतेचं बोट. ज्या बाईला हे होतं ती स्वच्छता पाळत नसणार, असं समोरच्याच्या नजरेत असतं आणि हळूहळू आपल्याही मनात बसतं. म्हणून बायका साबण लावून घासतात, जाहिरातीतले वॉश आणतात, डेटॉलचं पाणी घेतात. त्यानं तिथली नाजूक कातडी आणखी सोलवटते. खरं तर कॅन्डिडा बाहेरून येऊन चिकटलेली घाण नव्हेच. दहापैकी एक-दोन बायकांच्या योनिमार्गात ती कसलाही त्रास न देता राहत असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू आम्ल तयार करतात आणि सगळ्यांना आपापल्या जागी ठेवतात. हे संतुलन ढळलं की बुरशी वाढते. ते ढळायची कारणंही ठरलेली आहेत: अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, स्टेरॉइडची औषधं, प्रतिकारशक्ती खालावणं, आणि रक्तातली वाढलेली साखर.

औषध नाही असं नाही. फ्लुकोनाझोलची गोळी आहे, क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी आणि क्रीम आहे, आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आराम पडतो. वारंवार होत असेल तर डॉक्टर आधी संसर्ग पूर्ण आटोक्यात आणतात आणि मग सहा महिने आठवड्याला एक गोळी देतात. या पद्धतीचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. गोळी चालू असेपर्यंत दहापैकी नऊ बायका बऱ्या राहिल्या. गोळी बंद करून आणखी सहा महिने गेल्यावर मात्र ४३ टक्केच बऱ्या उरल्या होत्या. बाकीच्यांना पुन्हा तेच. नुसत्या रिकाम्या, म्हणजे आत औषध नसलेल्या, गोळीवर ठेवलेल्या बायकांत हे प्रमाण २२ टक्के होतं, म्हणजे औषधाचा उपयोग नक्की होता, पण निम्म्याहून जास्त बायका वर्षाच्या शेवटी परत त्याच जागी आलेल्या होत्या. हे आकडे वाचल्यावर बायका जेवणाच्या ताटाकडे का वळतात ते मला नीट समजलं. गोळी डॉक्टरच्या हातात, ताट आपल्या हातात. आपल्या हातात काहीतरी असावं असं वाटणं अगदी रास्त आहे.

माझी सुरुवात औषधाच्या दुकानातल्या ट्यूबनं झाली. दुकानदाराला फक्त "खाजेचं द्या" एवढंच सांगता येतं, कुठली खाज ते सांगता येत नाही, आणि तो गजकर्णाला देतात तसली मलमाची ट्यूब पुढे करतो. त्यातल्या पुष्कळशा मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबल्यासारखी वाटते, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. असं बरंच फिरून झाल्यावर एका मैत्रिणीनं मला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा तपासलं. हे "तपासलं" मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तोपर्यंत मला गोळ्या-ट्यूबा पुष्कळ मिळाल्या होत्या, पण तपासलं कुणीच नव्हतं. पांढरं जाणं दर वेळी बुरशीचंच असतं असं नाही. जिवाणूंचा संसर्ग असेल तर स्रावाला माशासारखा वास येतो, तिथलं आम्लाचं प्रमाण बदलतं, आणि त्याचं औषध निराळं. ट्रायकोमोनास असेल तर आणखी निराळं, आणि तेव्हा नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. मॅडमनी कापसाच्या बोळ्यानं स्राव घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आणि कल्चरला पाठवला. मग हात धुता धुता विचारलं, "तुमची साखर शेवटची कधी तपासली होती?"

कधीच नव्हती. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, आठच्या वर निघाली. साडेसहाला मधुमेह म्हणतात. मला तहान नव्हती, वजन घटलेलं नव्हतं, चक्कर नव्हती. माझ्या शरीरानं मधुमेहाची बातमी एवढ्या एकाच वाटेनं दिली होती, आणि ती सांगायची लाज वाटत असल्यामुळे ती पोचायला वेळ लागला. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या किती बायका आज माझ्यासारख्याच नुसत्या खाजेवर ट्यूब लावत असतील, याचा विचार केला की मला चैन पडत नाही.

साखरेचा आणि या बुरशीचा संबंध मॅडमनी मला कागदावर चित्र काढून समजावला. रक्तात साखर वाढली की योनिमार्गातल्या स्रावात आणि लघवीत ती जास्त उतरते. बुरशीला ते खाद्य मिळतं, कातडीला चिकटून राहणं तिला सोपं जातं. त्याच वेळी आपल्या पांढऱ्या पेशी, ज्या तिला गिळून टाकतात, त्या वाढलेल्या साखरेत मंद होतात. म्हणजे शत्रूला रसद आणि आपलं सैन्य सुस्त. यात खाण्याचा संबंध कुठे येतो, तर रक्तातल्या साखरेपाशी येतो. सकाळी खाल्लेला पेढा थेट बुरशीच्या तोंडात जात नाही. ज्या बाईची साखर मुळात नॉर्मल आहे, तिचं शरीर तो पेढा व्यवस्थित जिरवतं आणि खाली त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या बाईची साखर दिवसदिवस वर राहते, तिच्या बाबतीत मात्र ताट बदललं तर खालचं दुखणं बदलतं. मला सांगायचंय ते सगळं यातच आहे: आधी आपण यातल्या कुठल्या आहोत हे तपासून घ्या, मग ताटाला हात लावा.

मी ताटाला हात लावला तो गुळापासून. कोल्हापूरच्या माणसाला गूळ सोडायला सांगणं अवघड आहे. आमच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं सुरू झाली की रस्त्यानं जातानाच वास येतो. माहेरी गुऱ्हाळावरून पहिली काकवी येई ती भाकरीबरोबर वाडग्यात घेऊन बसायचं. त्यामुळे मी डॉक्टरांना लगेच म्हणाले, साखर बंदच करते, चहात गूळ घालते. आमच्याकडे सगळ्यांची हीच समजूत आहे की गूळ औषधी, साखर वाईट. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे, आणि रक्तात गेल्यावर ती कुठून आली हे शरीर विचारत नाही. मधाचं आणि खडीसाखरेचंही तेच. गुलकंदाचंही. सासूबाईंना हे सांगताना मला फार जपून बोलावं लागलं, कारण त्यांनी ते प्रेमानं दिलेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, जरा वेळानं विचारलं, "मग सब्जा चालंल का नुसता?" चालतो. पाण्यात भिजवून, साखर न घालता. उन्हाळ्यात मी आजही घेते.

चहातला गूळ जाणं हा सोपा भाग. अवघड भाग उरलेल्या अन्नाचा. आपल्याकडच्या बाईचं खाणं तिच्या ताटात मावत नाही. ती ताटावर बसते शेवटी, आणि त्याआधी-नंतर ओट्याशी उभ्यानं बरंच काही तिच्या पोटात जातं. मुलानं अर्धा सोडलेला शिरा, पातेल्याच्या तळाला उरलेला भात, पाहुण्यांसाठी आणलेल्या बर्फीचे शेवटचे दोन तुकडे. अन्न पूर्णब्रह्म, टाकायचं नाही, मग ते जायचं कुठे? आहारतज्ज्ञ बाईंनी मला आठवडाभराचं खाणं लिहून काढायला सांगितलं, आणि बजावलं की ओट्याशी खाल्लेलंही लिहा. तो कागद बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या जेवणात फारसं वावगं काहीच नव्हतं, साखर चढत होती ती उरलेलं संपवण्यानं. कुठल्याही छापील डाएटच्या तक्त्यात ही ओळ नसते. तक्ता लिहिणाऱ्याला वाटतं बाई तीन वेळा जेवते. मी घरात सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की उरलेलं मी संपवणार नाही, ज्यानं ताटात घेतलं त्यानं ते संपवायचं, आणि मी स्वयंपाक जरा हात राखून करणार. थोडी कुरकुर झाली. "हिचं आता वेगळंच," असं एक-दोनदा ऐकू आलं. पण मोठी माणसं असोत की मुलं, सवय लागते.

बाकी जेवण आमचंच राहिलं, आणि याचा मला आनंद आहे. परदेशी बिया, पावडरी, काही आणलं नाही. भाकरी आमच्याकडे होतीच, भाताचं ताटातलं राज्य फक्त कमी झालं. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग आमटी किंवा उसळ, भात शेवटी आणि वाटीभर. एकाच जेवणातले पदार्थ या क्रमानं खाल्ले तर जेवणानंतर साखर कमी चढते, हे मी ग्लुकोमीटरवर स्वतः पडताळलं. सकाळी पोह्यांऐवजी मोडाच्या मटकीची उसळ, नाहीतर भरपूर कांदा-मेथी घातलेलं थालीपीठ. रविवारचं मटण सोडावं लागलं नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात साखर नसते, साखर चढते ती त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा घेतलेल्या भातानं. रात्री जेवल्यावर आम्ही दोघं रंकाळ्यावर चालायला जायला लागलो. ह्यांनी यासाठी कधी नाही म्हटलं नाही, हे इथे नोंदवायलाच हवं, कारण बाईच्या आहारबदलात घरच्या पुरुषाची साथ नसेल तर तो फार काळ टिकत नाही.

उपवासाचं मात्र मला स्वतंत्र सांगायचंय. आमच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस कडक. अंबाबाईचं नवरात्र ते. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, केळी, खजूर, साखर घातलेलं दूध. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, तो झपाट्यानं साखरेत उतरतो. वर्षानुवर्षं दसऱ्याच्या आसपास माझी खाज उफाळायची आणि मी ते उपवासानं वाढलेल्या उष्णतेवर ढकलायचे. आता नवरात्रात राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, घरचं दही आणि ताक असं खाते. व्रत मोडलं नाही. देवीला साबुदाणाच लागतो असं कुठेही लिहिलेलं नाही. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्या बायकांनी मात्र उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावंच, काही औषधांवर उपाशीपोटी साखर धोक्याइतकी खाली जाते.

मला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही सुरू होती, त्यामुळे गुण ताटाचा किती आणि गोळीचा किती, हे वेगळं करता येणार नाही. दोन्ही मिळून साखर साडेसहाच्या आसपास आली, आणि फ्लुकोनाझोलचा सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावरही खाज लांबच राहिली. अधूनमधून येते. गेल्या पावसाळ्यात दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं, त्यानंतर आली. तेव्हा जेवण जसंच्या तसं होतं, साखर ताब्यात होती. कारण अँटिबायोटिकचं होतं, आणि त्याला औषधच घ्यावं लागलं.

इंटरनेटवर या दुखण्यासाठी जो 'कॅन्डिडा डाएट' फिरतो, त्याबद्दल मला कळकळीनं लिहायचंय. साखर बंद, फळं बंद, गहू बंद, दूध बंद, आणि आंबवलेलं सगळं बंद, म्हणजे इडली, डोसा, ढोकळा, पाव, लोणचं. या कल्पनेचं मूळ १९८० च्या दशकातल्या अमेरिकेत आहे. थकवा, डोकेदुखी, उदासी, सगळ्याच्या मागे शरीरभर पसरलेली बुरशी आहे, असं तेव्हा काही डॉक्टर सांगू लागले. १९८६ साली तिथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं ही कल्पना सिद्ध न झालेली म्हणून जाहीर केली, आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा त्रास सांगणाऱ्या बायकांच्या शरीरभरच्या तक्रारींवर बुरशीचं औषध रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी यादी मात्र टिकून राहिली. पावातलं यीस्ट आणि योनिमार्गातली कॅन्डिडा या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि भट्टीत ते यीस्ट मरतंच. इडलीचं पीठ फुगवण्यात मोठा वाटा जिवाणूंचा असतो, आणि इडली वाफवून निघते. या बंद्यांना काही आधार नाही. पण त्यांनी होणारं नुकसान खरं आहे. आमच्या शाखेत एक तरुण मुलगी होती, तिनं महिनोन् महिने असं खाल्लं. फळ नाही, दूध नाही, पोळी नाही. खाज गेली नाही, वजन मात्र गेलं आणि हिमोग्लोबिन खाली आलं. तिची साखर नॉर्मल होती. मुरुमांसाठी ती कित्येक महिने अँटिबायोटिकच्या गोळ्या घेत होती, आणि कारण तिथे होतं. ज्या देशात राष्ट्रीय पाहणीप्रमाणे निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, बायका रक्तक्षयी आहेत, तिथे बाईला आणखी काही खाऊ नकोस म्हणून सांगण्याआधी शंभरदा विचार करायला हवा.

दह्याचं काय, हे मला प्रत्येक जण विचारते. १९९२ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. रोज साधारण वाटीभर, विशिष्ट लॅक्टोबॅसिलस असलेलं दही सहा महिने खाल्ल्यावर संसर्गाचं प्रमाण तिपटीनं घटलेलं दिसलं. सुरुवात केली होती ३३ जणींनी, शेवटपर्यंत टिकल्या १३. एवढ्याशा आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. पुढे २००४ साली ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना लॅक्टोबॅसिलस देऊन पाहिलं, तेव्हा बुरशी टळली नाही. शिवाय आपल्या विरजणातले जिवाणू आणि योनिमार्गात वस्तीला असणारे जिवाणू एकच नव्हेत. मी दही-ताक रोज खाते ते प्रथिनांसाठी, कॅल्शियमसाठी आणि ते मला आवडतं म्हणून. पण ते खायचं, आत लावायचं नाही. दही किंवा लसणाची पाकळी आत ठेवायचे उपाय व्हिडिओत दाखवतात. लसणानं तिथली कातडी भाजते. कृपा करून कुणी करू नका.

माझी थोरली बहीण इचलकरंजीला असते. पाळी जाऊन तिला बरीच वर्षं झाली. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं आणि हा संसर्ग सहसा मागे पडतो. त्या वयात तो वारंवार व्हायला लागला तर साखर बघायला हवी, नाहीतर औषधांची यादी. ताईला मधुमेह आधीपासून होता आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी काटेकोर. माझं बघून तिनं जेवण आणखी आवळलं. भात पूर्ण बंद, फळ बंद, सणाला घासभर पुरणही नाही. एचबीए१सी छान आली, आणि खाज वाढतच गेली. फोनवर रडायची. "आता काय पाणी पिऊन राहू का गं?" म्हणायची.

तिच्या गोळ्यांचा डबा बघितला तो मॅडमनी. त्यात डॅपाग्लिफ्लोझिन होतं. ही गोळी मूत्रपिंडाकडून रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकवते, मधुमेही माणसात दिवसाला साधारण ७० ग्रॅमपर्यंत. चहाच्या चमच्यांनी मोजली तर चौदा-पंधरा चमचे साखर रोज त्या वाटेनं. ताईनं भात कितीही सोडला तरी खाली साखर उतरणारच होती. २०२० च्या ऑक्टोबरात भारतात या औषधाचं पेटंट संपलं, पुष्कळ कंपन्यांनी ते काढलं, किंमत खाली आली, आणि ते घरोघर पोचलं. औषध चांगलं आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा मोठा आधार मिळतो, म्हणून कुणीही हे वाचून आपल्या मनानं ते बंद करू नये. पण ते लिहून देताना बायकांना एवढं सांगायला हवं की खाली खाज सुटू शकते, सुटली तर लाजू नका, येऊन सांगा. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाला असाच त्रास होतो आणि तेही बोलत नाहीत. ताईच्या डॉक्टरांनी विचार करून तिची गोळी बदलली. बुरशीचं औषध पूर्ण झालं आणि मग खाज थांबली. ताई आता वाटीभर भात खाते.

हे सगळं न बोलण्यात किती खोल रुतलेलं आहे, हे महाराष्ट्राला फार पूर्वी दाखवून दिलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. मी तो आकडा वाचला तेव्हा माझी स्वतःची तपासणी नुकतीच झाली होती. नोकरी करणारी, शहरात राहणारी बाई मी, आणि तोवर मीही त्या उरलेल्या ९२ टक्क्यांतच होते. आता जिल्हा रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे अशा तक्रारींवर फुकट तपासणी आणि औषध मिळतं. माझ्या ओळखीच्या बहुतेक बायकांना ते ठाऊक नाही, म्हणून मी भेटेल तिला सांगते.

मागच्या वर्षी ताईची सून गरोदर होती. पाचव्या महिन्यात तिनं सासूला, म्हणजे ताईला, सरळ सांगितलं की मला खाली फार खाज येते. ताईनं तिला उष्णता म्हटलं नाही, काही खायला दिलं नाही, काही बंदही करायला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दवाखान्यात घेऊन गेली. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे हा संसर्ग पुष्कळ जणींना होतो, आणि त्या दिवसांत फ्लुकोनाझोलची तोंडी गोळी टाळतात. डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या आठवडाभर दिल्या आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी केली. ती नॉर्मल आली. खाण्यात काही बदलायला नको, म्हणाले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. सुनेला पुरणपोळीचे डोहाळे होते, आणि ती ताईनं स्वतः लाटून, वर तूप सोडून तिला वाढली.